तिसऱ्या मजल्यावरचा ट्रक

नाना, शनिवारी तुमचा पलंग परत गेला. भाड्याने आणला तेव्हा दोघांनी वर चढवला होता, न्यायलाही दोघंच आले. डोक्याकडची बाजू उचलायचा दांडा वर्षभरापासून जाम झाला होता, त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. जिन्याच्या वळणावर पलंग अडकला. त्यांनी तो उभा केला, तिरका केला आणि काढला. मी वरून बघत होते. तुम्हाला दवाखान्यात न्यायचं असलं की याच वळणावर तुमची खुर्ची अडकायची आणि तुम्ही डोळे मिटून घ्यायचात.

आता हॉलमध्ये लादीवर पलंगाच्या पायांचे चार डाग आहेत आणि समोर कॉम्प्युटरचं टेबल. तुमच्या उशीच्या उंचीला यावं म्हणून विटांवर चढवलेलं. पलंग नसताना ते टेबल कुणाच्याच कामाचं नाही. उभं राहिलं तर बुटकं, खुर्चीत बसलं तर उंच.

तुमच्याबद्दल जे सांगण्यासारखं होतं ते लोकांनी दहाव्याला आणि तेराव्याला सांगून झालं. तुमचे भाऊ गावाहून, देवळ्याहून आले होते. म्हणाले, बत्तीस वर्षं ट्रक चालवला, पण दादाच्या चाकाखाली कधी कोंबडी नाय आली. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला जे सांगायचं होतं ते सतरंजीवर चार माणसांत सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांना रस्त्यावरचे नाना माहीत होते. मला या एका खोलीतले, अडीच वर्षांतले माहीत आहेत.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा लकव्याने उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलेली होती. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या, गावी तुमचं करणारं कुणी नव्हतं. किशोर अंबडच्या कारखान्यात पाळीवर. म्हणजे दिवसभर घरात तुम्ही आणि मी. मी तेव्हा ओझरच्या पुढे द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटरवर होते. खोक्यांची लेबलं काढायची, कुठल्या बागेचा माल कुठल्या कंटेनरमध्ये गेला त्याच्या याद्या करायच्या. महिनाभराची रजा काढली. रजा संपली आणि मी गेले नाही. कामावर जाऊ नको असं मला कुणी म्हणालं नाही, नाना. जा असंही कुणी म्हणालं नाही.

सुरुवातीला तुमच्याकडे गॅलरी होती. समोरच्या दोन इमारतींच्या मधे हातभर फट होती आणि त्या फटीतून हायवे दिसायचा. ट्रक आला की दोन सेकंद दिसायचा आणि जायचा. तेवढ्यात तुम्हाला सगळं कळायचं. "टायर... गेला," तुम्ही म्हणायचात. किंवा, "लोड... जास्त." एक एक शब्द घशातून ओढून काढल्यासारखा यायचा. मी भाजी निवडत शेजारी बसायचे आणि मला रंगाशिवाय काही दिसायचं नाही. दुसऱ्या वर्षी त्या फटीत नवी इमारत उभी राहायला लागली. आधी हिरवी जाळी आली, मग एक मजला, मग दुसरा. चौथा स्लॅब पडला त्या दिवशी तुम्ही मला खुर्ची आत घ्यायला सांगितली. त्यानंतर गॅलरीत ने असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

मग तुम्ही भिंतीकडे बघत बसायला लागलात. जेवण दिलं तर जेवायचात. टीव्ही लावला तर डोळे मिटायचात. व्यायाम करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, त्यांना तुम्ही डावा हातसुद्धा देईनासे झालात.

ट्रकचा गेम मला योगायोगाने सापडला. घरून टायपिंगची कामं करावीत म्हणून मी एक जुना कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता, कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला. कामं काही मिळाली नाहीत. त्यावर एके दिवशी मी तुम्हाला कुणीतरी ट्रक चालवतानाचा व्हिडिओ दाखवला. तुम्हाला वाटलं खराच रस्ता आहे. तो माणूस वळणावर ब्रेक न लावता गेला तेव्हा तुमचा डावा पाय पलंगावर दाबला गेला. मी ते पाहिलं. मी म्हटलं, "नाना, हा गेम आहे. आपल्यालाही चालवता येईल. माऊस फिरवला की स्टेअरिंग फिरतं, डावं बटण दाबलं की गाडी पळते, उजवं दाबलं की थांबते. एका हाताचं काम."

तुम्ही डावा हात पुढे केलात.

त्या कॉम्प्युटरवर तो गेम चालला म्हणण्यापेक्षा सरकला. ट्रक एका जागी दिसायचा, मग थोडं थांबून एकदम पुढच्या जागी. वळण घ्यायला जावं तर तोवर गाडी शेतात गेलेली. चौथ्यांदा ट्रक खांबाला धडकला तेव्हा तुम्ही माऊस सोडला आणि टेबलाखालच्या पेटीकडे बोट केलंत. "दम... टाकती. चढावर... टाकती तशी."

निदान बरोबर होतं. मी वाचलं, व्हिडिओ बघितले. पेटीतला प्रोसेसर जुना असला तरी काम चालण्यासारखा होता, पण चित्रं काढायचं कामही त्याच्याच डोक्यावर होतं. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकायला हवं होतं. नवीन कार्डाच्या किमती बघून मी मोबाइल उपडा ठेवला. एवढ्यात अख्खा जुना कॉम्प्युटर आला असता. किशोरला विचारलं तर तो म्हणाला, "नानांना गेम? तू बरी आहेस ना?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "जुनं मिळालं तर बघ."

जुनं कार्ड भद्रकालीच्या बाजारात अश्फाकभाईंकडे मिळेल असं कळलं. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, पण त्यांचं नाव तुम्हाला नीट म्हणता यायचं. त्यांचं दुकान म्हणजे एक जिना आणि त्याच्याखाली तीन माणसांची जागा. भिंतीला उघडे कॉम्प्युटर टांगलेले. मी मोठ्या थाटात सांगितलं, चार जीबीचं कार्ड द्या. त्यांनी विचारलं, "पेटी केवढी आहे ताई? उभी, जाडी, की ती पातळ ऑफिसवाली?" मी म्हटलं, नेहमीची असते तशी. त्यांनी दोन पंख्यांचं एक दांडगं कार्ड काढलं, पुसलं आणि म्हणाले, "नेऊन बघा. नाही बसलं तर उद्या परत आणा, डबा फेकू नका."

तुमच्या पलंगाशेजारी मी पेटी उघडली. कार्ड आत जाईना. लांबीला मावलं असतं, पण उंचीला झाकण लागेना. शिवाय त्याला वीज पुरवायला वेगळी वायर लागत होती आणि आपल्या पेटीत तसली वायरच नव्हती. मी रडकुंडीला आले. तुम्ही मात्र किती दिवसांनी कुशीवर वळून बघत होतात. म्हणालात, "टेप... आण." मी मोजायची टेप आणली. एक टोक मी धरलं, दुसरं तुम्ही डाव्या हाताने ओढलंत. लांबी, उंची, दोन खाचांमधली जागा. मग वीज देणाऱ्या डब्यावरचा आकडा मला मोठ्याने वाचायला लावलात. तो ऐकून तुम्ही हसलात. लकव्यानंतर पहिल्यांदा. अर्धाच चेहरा हसला.

"इंजिन मोठं," तुम्ही म्हणालात, "चेसी... बारकी. टाकी... त्याहून बारकी."

दुसऱ्या दिवशी मी ती मापं कागदावर घेऊन गेले. अश्फाकभाईंनी कागद वाचला, मला वाचलं, परत कागद वाचला. "ये माप किसने लिया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सासऱ्यांनी, ते ट्रक चालवायचे. "तरीच," ते म्हणाले. "बाकी लोक येतात आणि म्हणतात, सबसे बड़ा दो." त्यांनी पहिलं कार्ड मुकाट्याने परत घेतलं आणि तळहाताएवढं, अर्ध्या उंचीचं, एका पंख्याचं कार्ड दिलं. त्याला वेगळी वीज लागत नव्हती, ज्या खाचेत बसतं तिच्यातूनच ते घेतं. किंमत आमच्या आवाक्यातली होती. पिशवीत त्यांनी एक छोटा जोडही टाकला. मला वाटलं, फुकटचं काहीतरी दिलंय.

त्या दुपारी आपण कार्ड बसवलं. जुना टूथब्रश घेऊन आधी मी आतली धूळ काढली. कार्ड खाचेवर ठेवलं, पण दाबायचा धीर होईना. तुम्ही म्हणालात, "दाब." मी दाबलं. "घाबरत... नको दाबू. सरळ." मी सरळ दाबलं आणि कट् असा आवाज आला. तुम्ही मान हलवलीत, जसं कुणी बरोबर ठिकाणी गाडी लावल्यावर हलवतात.

चालू केलं तर काहीच फरक नाही. ट्रक आधीसारखाच सरकत होता. मी दोनदा बंद करून चालू केलं, झाकण काढलं, लावलं. मला वाटलं फसलो. तुम्ही पेटीच्या मागच्या बाजूकडे बोट करून काही म्हणत होतात आणि मी ऐकत नव्हते. मला वाटलं तुम्हाला पाणी हवंय. पाणी दिलं, तुम्ही पेला ढकललात.

"वायर," तुम्ही म्हणालात. "जुन्या... जागी... हाय."

पडद्याची वायर मी पूर्वीच्याच भोकात ठेवली होती. कार्ड आत बसलं होतं आणि त्याला कुणी जोडलंच नव्हतं. नव्या भोकात ती जुनी वायर बसेना, तेव्हा पिशवीतला तो जोड आठवला. तो लावला. गेम सुरू झाला आणि रस्ता वाहायला लागला. तुमच्या ट्रकच्या काचेवर पाऊस पडत होता आणि वायपर मधे न अडकता फिरत होता.

तुम्ही ट्रक गॅरेजमधून काढलात, पहिल्या पेट्रोल पंपावर नेऊन उभा केलात आणि पुढे नेईनात. मी विचारलं काय झालं. तुम्ही म्हणालात, "आवाज वाढव." इंजिन नुसतं चालू होतं. ते तुम्ही बराच वेळ ऐकत बसलात.

पुढचे नऊ-दहा महिने मी विसरणार नाही. दुपारी दोनला मी भांडी आवरून यायचे आणि तुम्ही तयार असायचात. गेममधले रस्ते जर्मनीचे होते. तुम्हाला ते पटायचे नाहीत. कुणी हॉर्न वाजवत नाही, रस्त्यावर गुरं नाहीत, ढाबे नाहीत. वेग वाढला की दंड व्हायचा, तेव्हा तुम्ही चिडायचात. "पोलीस दिसत नाय. पावती... कोण फाडतं?" मी डाव्या आरशात बघायचं, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. "क्लीनर, बाजू बघ." मी म्हणायचे, "येऊ द्या नाना, येऊ द्या, बास." सायखेड्याच्या शाळेत शिकलेली, बी.कॉम. झालेली मी, तिसऱ्या मजल्यावर पलंगाच्या कडेला बसून ट्रक मागे घ्यायला मदत करायचे. खालच्या काकू विचारून गेल्या, तुमच्याकडे पिठाची गिरणी टाकलीय का.

आणि तुमचे शब्द परत आले. सगळे नाहीत. पण गिअर, उतार, ताडपत्री, लोड, चेकनाका, हे शब्द अख्खे यायचे, मधे न तुटता. त्यांच्या मागे लागून दुसरेही यायचे. गुवाहाटीला कांदा नेताना पूल वाहून गेला आणि तुम्ही चार दिवस नदीकाठी थांबलात, सोबतच्या क्लीनरने कांद्याची भाजी, कांद्याची भजी आणि कांद्याचं पिठलं केलं, ते तुम्ही मला तीन दुपारी मिळून सांगितलंत. किशोरला तुम्ही कधी स्टेअरिंगला हात का लावू दिला नाहीत, तेही. "त्याच्या आईनं... मला... कधी धड पाह्यलं नाय," तुम्ही म्हणालात. "सुनेनं तरी त्याला... रोज पाहावं." ते ऐकून मी उठून चहा टाकायला गेले होते. आता म्हणते, नाना, तो रोज घरी येतो. ते तुमच्यामुळे.

हे सगळं खरं आहे आणि तरी मला आतून काय वाटत होतं तेही खरं आहे. तुम्हाला ट्रक मिळाला. मी होते तिथेच होते. सकाळी तुमचं अंग पुसायचं, डायपर बदलायचा, नाश्ता, गोळ्या, स्वयंपाक, गोळ्या, मग दोन तास जर्मनी, मग परत गोळ्या. माझ्या वयाच्या मैत्रिणींचे फोन आले की मी नंतर करते म्हणायचे. नंतर करून बोलायला माझ्याकडे काही नसायचं. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्याकडे बघून हळहळायचा आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचा, तुझं पुण्य मोठं आहे. मला ते पुण्य नको होतं.

जानेवारीत पॅकहाऊसमधून फोन आला. द्राक्षं सुरू झाली होती, माणूस हवा होता. मी तुमच्यासमोरच बोलले, जमणार नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्ही ट्रक रस्त्याच्या कडेला घेतलात.

"जा," तुम्ही म्हणालात.

"तुमच्याकडे कोण बघेल?"

"गाडी... हाय."

मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "कसली गाडी, नाना? तो पडदा आहे. गाडी नाही, रस्ता नाही, काही नाही. तुम्हाला पाणी कोण देणार, गाडी? तुमचं खालचं कोण बदलणार?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी थांबले नाही. "तुम्ही अडकलाय ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. मी अडकलेय, ते दिसतंय का कुणाला? तुम्हाला तरी?"

तुम्ही तोंड उघडलंत. "तू..." म्हणालात आणि पुढचा शब्द शोधायला लागलात. तुम्हाला शब्द सापडायला वेळ लागतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी अडीच वर्षं रोज थांबत आले होते. त्या दिवशी मी थांबले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर लावला.

बाहेर आले तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होतात. त्यानंतरचे नऊ दिवस आपण एकमेकांशी फार नीट वागलो. तुम्ही गोळ्या वेळेवर घेतल्यात. मी दोन वाजता येऊन बसले. पण तुम्ही मला क्लीनर म्हणाला नाहीत आणि मी आरशात बघितलं नाही. तो शब्द काय होता, ते मला विचारता आलं असतं. रोज उद्यावर टाकलं. आता मी मनात सगळे शब्द लावून बघते. तू जा. तू थांब. तू बरोबर बोललीस. तू पण. एकही बसत नाही.

आता जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. तुम्हाला ते माहीत आहे, पण ते मी तुमच्याशी कधी बोलले नाही.

तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी दूध आणायला गेले असताना तुम्ही उठायचा प्रयत्न केलात, भिंतीला धरून, पाय ओढत दारापर्यंत गेलात आणि जिन्यात बसलेले सापडलात. कोपरातून रक्त येत होतं. तुम्हाला देवळ्याला जायचं होतं. त्या दिवसापासून खाली जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागले. भाजी, औषधं, दूध, वीस मिनिटं फार तर. किल्ली फिरवताना आवाज होऊ नये म्हणून दार ओढून धरायचे. किशोरला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, माझ्या बापाला कोंडतेस? आणि मी तेच करत होते.

तुम्ही गेलात त्या दिवशीही मी कुलूप लावून गेले. अकरा वाजले होते. तुम्हाला ट्रक चालू करून दिला आणि गेले. मेथी घेतली, गोळ्या घेतल्या. वीस मिनिटांत परत आले असते. पण बागेतला बाक रिकामा होता आणि ऊन उबदार होतं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. फोन बघितला नाही, कुणाशी बोलले नाही. नुसती बसले. पाऊण तास बसले, नाना.

वर आले, कुलूप काढलं. ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा होता, इंजिन चालू होतं. तुम्ही उशीवर एका बाजूला कललेले होतात आणि माऊस तुमच्या हाताखाली होता. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका मोठा होता, क्षणात झालं असणार, शेजारी कुणी असतं तरी काही करता आलं नसतं. मी सगळ्यांना सांगितलं, गेम खेळता खेळता गेले, मी स्वयंपाकघरात होते. तुमच्या भावांना सांगितलं, अश्फाकभाई भेटायला आले त्यांनाही हेच सांगितलं. ते जिना चढून वर आले, खाली बसले आणि म्हणाले, "त्यांच्यासारखं माप मी पुन्हा पाहिलं नाही." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मनात एकच होतं. दार बंद होतं. त्या पाऊण तासात तुम्ही दाराकडे बघितलं असेल का, हाक मारायचा प्रयत्न केला असेल का, आणि शब्द सापडला नसेल का.

शनिवारी पलंग गेल्यावर संध्याकाळी किशोर त्या चार डागांजवळ फडकं घेऊन बसला. डाग निघत नव्हते. मी त्याच्याशेजारी बसले आणि सांगितलं. कुलूप, बाक, पाऊण तास, सगळं. मला वाटलं तो उठून जाईल.

तो पुसायचा थांबला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"कुलूप. पहिल्या दिवाळीच्या आधी मी एकदा लवकर सुटलो होतो. दाराला कुलूप बघितलं. माझ्या किल्लीने उघडून आत आलो. मी पेटलो होतो, म्हटलं येऊ दे आज तिला वर. नानांनी माझा हात धरून ठेवला. एवढंसं बोलायला त्यांना किती वेळ लागला." किशोरने फडकं पिळलं, पिळायला त्यात पाणी नव्हतं तरी. "म्हणाले, लावू दे. कुलूप हाय म्हणून ती खाली जाते. नायतर इथून हलणार नाय."

मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मग म्हणाले, तू निघ, ती यायच्या आत. मी बाहेर पडलो आणि मीच परत कुलूप लावलं. चहाच्या टपरीवर उभा राहिलो. तू पिशवी घेऊन वर गेलीस, मग दहा मिनिटांनी आलो. मी माझ्या बापाला कोंडलं, योगिता. त्यांनी सांगितलं म्हणून."

तुम्हाला वाटेल, मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. मला राग आला. दोन वर्षांहून जास्त मी किल्ली चोरासारखी फिरवली. दार ओढून धरून, श्वास रोखून. आणि कुलूप तुम्हाला दोघांनाही माहीत होतं, आवाज येऊ नये म्हणून केलेली माझी सगळी खटपट तुम्ही आतून ऐकत होतात. एकदा तरी म्हणायचं होतं नाना. चार शब्द. तुमच्याकडे रोज दोन तास जर्मनी होती, त्यात चार शब्द बसले नसते का? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि किशोर बाहेर बसून राहिला. मग तो आत आला आणि त्याने कणीक मळली. घट्ट मळली होती. त्याच पोळ्या आम्ही खाल्ल्या.

हा राग जाईल की नाही मला माहीत नाही. तुमच्यावर रागावता येतं, हेही मला नवीन आहे. इतकी वर्षं मी फक्त तुमची काळजी घेतली.

किशोर म्हणाला, कार्ड काढून विकायचं का, अश्फाकभाई घेतील. मी नको म्हटलं. काल रविवारी त्याने टेबलाखालच्या विटा काढल्या, खुर्ची ओढली आणि ट्रक चालू केला. तुमच्या मुलाला गाडी मागे घेता येत नाही. त्याने तीनदा गेटचा खांब पाडला. मी शेजारी उभी होते, पण काही सांगितलं नाही. त्याला स्वतःला जमू दे.

पॅकहाऊसला मीच फोन केला. द्राक्षं अजून महिनाभर आहेत, सोमवारपासून या म्हणाले. आज गेले. डबा घेतला, साडी नको म्हणून पंजाबी ड्रेस घातला, दार लावलं आणि उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले. घरात कुणी नाही हे मला माहीत होतं. तरी उभी राहिले आणि कान दिला. वर पंखा चालू राहिलाय का, तुम्ही खोकलात का, पेला पडला का. खालच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "काय गं, काही विसरलीस का?"

"नाही," मी म्हटलं, आणि तरी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. मग उतरले.